रुजू झाल्याची तारीख

इतिहास घडताना आवाज होत नाही, असं माझं फार दिवसांचं मत आहे. त्या सकाळी मात्र झाला. आमच्या कंपनीच्या फाटकाला टेकवलेली शिडी सरकली, आणि शिडीवरचा माणूस इतिहासाला अजिबात शोभणार नाही असं काहीतरी बोलला. मग त्यानं दोन्ही हातांनी पाटीची कड धरली, मापाची फीत दातांत धरली आणि खाली माझ्याकडे बघून भुवयांनीच शिडी धरायची विनंती केली. मी डबा खाली ठेवला आणि शिडी धरली.

"पाटी मोजताय?" मी विचारलं.

तो नुसता हुंकारला. मग तोंडातून फीत काढून म्हणाला, "अठरा फूट चार इंच. धरा हं, सोडू नका."

"कशाला मोजताय?"

"मोज म्हणाले, म्हणून."

"नाव बदलणार आहे का?"

"काका, मी रंगारी. मला नाव शेवटी सांगतात. आधी मापं."

"पण वाढणार की कमी होणार, एवढं तरी?"

त्यानं फाटकाच्या दोन्ही खांबांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आणखी वाढलं तर खांब लांब न्यावे लागतील," तो म्हणाला आणि उतरला. शिडी खांद्यावर घेता घेता त्यानं मला नीट न्याहाळलं. "तुम्ही इथं नवे का हो? जुनी माणसं विचारत नाहीत."

रंगाऱ्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं. मी त्या कंपनीत बावीस वर्षं होतो आणि मी नवा होतो. बावीस वर्षांत त्या फाटकावरची पाटी आठ वेळा बदलली, आणि आठही वेळा आधी कुणीतरी येऊन मापं घेऊन गेलं होतं. मालवाहतुकीच्या धंद्यात एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा मालक लोक महिनोन्महिने एकमेकांना जेवायला घालतात, वकील कागद करतात, हस्तांदोलनाचे फोटो छापून येतात. पण हे सगळं आम्हाला मागाहून कळतं. आम्हाला आधी कळते ती फीत. आणि फीत नेमकी आज आली होती. आज संध्याकाळी साडेपाचला मला या कंपनीत तीन वर्षं पुरी होणार होती.

नियम असा होता: नव्या माणसाला सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा नाही. तीन वर्षं अखंड सेवा झाली की माणूस जुना. मग आठ दिवस घ्या, पंधरा घ्या, कुणी विचारणार नाही. मी कामाला लागलो त्या दिवशी पहिल्या कंपनीच्या हेडक्लार्कनं हा नियम मला सांगितला आणि नियमावलीची एक प्रत हातात दिली. त्यानंतर ज्या ज्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं तिनं गाड्यांचा रंग बदलला, पाटी बदलली, चहाच्या मगांवरची अक्षरं बदलली. नियमावली मात्र प्रत्येकीनं आधीच्या कंपनीची जशीच्या तशी उचलली. तिच्या शेवटच्या पानावर एका सायकलस्टँडचे नियम आहेत. आमच्याकडे सायकलस्टँड कधीच नव्हता. तेही पान आठ कंपन्यांमधून सुखरूप आलेलं आहे. माझी तीन वर्षं मात्र एकदाही आली नाहीत. प्रत्येक वेळी ती पुरी व्हायच्या आत आम्ही विकले जायचो; एकदा दीड वर्षात, एकदा सव्वादोनमध्ये, आणि एकदा तर दोन वर्षं अकरा महिने झाल्यावर, जेव्हा मी बायकोला बॅगा माळ्यावरून काढायलासुद्धा सांगितलं होतं. तेव्हापासून त्या बॅगा माळ्यावर परत गेल्या नाहीत. पलंगाखाली होत्या. केर काढताना झाडू त्यांना लागायचा आणि बायको झाडू थांबवून माझ्याकडे बघायची. बोलायची काही नाही. बोलण्याचं काम झाडूच करायचा.

प्रश्न तिच्या बहिणीचा होता. मेहुणी राहते ते गाव आमच्यापासून रेल्वेनं वीस तासांवर आहे. म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस, दोन दिवसांची रजा गाडीतच संपली. त्यामुळे बावीस वर्षांत मेहुणी आणि साडू आमच्याकडे चौदा वेळा येऊन राहिले आणि आम्ही त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. येणं-जाणं म्हणतात त्यातलं नुसतं येणं झालं. दर वेळी निघताना मेहुणी फाटकाशी थांबून, "आता तुम्ही या हं," असं म्हणायची, आणि दर वेळी तिच्या त्या 'आता'मधला जोर थोडा थोडा कमी होत गेलेला मला ऐकू यायचा. चौदाव्या वेळी तो अजिबात नव्हता. बायकोनंही तो ऐकला असावा, कारण त्या रात्री ताटं घासताना ती म्हणाली, "अहो, दुसऱ्यांच्या गाड्यांना परतीचा माल शोधून देता ना तुम्ही? मग माझी एक फेरी बावीस वर्षं तशीच पडून आहे, ती कधी लावताय?" हे मला लागलं, कारण ते माझं कामच आहे. माल पोचवून गाडी रिकामी परत येऊ नये म्हणून तिकडून इकडे येणारा माल शोधायचा, फोन फिरवायचे, घासाघीस करायची आणि गाडी भरून आणायची. हे एवढं एकच काम मला येतं. रिकामी गाडी रस्त्यावर धावते आहे या कल्पनेनं मला आजही झोपेतून जाग येते. बाजारातून एका हातात पिशवी आणि दुसरा हात मोकळा असा मी चालू शकत नाही. दुसऱ्या हातासाठी काहीतरी घेतोच. या सवयीपायी आमच्या घरात सात छत्र्या आहेत.

तर या वेळी मी रजा मंजूर व्हायच्या आधीच उद्या सकाळची तिकिटं काढली होती. आस्थापना विभागात एक तरुण बाई आहेत, त्यांना आठ दिवस आधी जाऊन सांगूनही ठेवलं होतं, की अमुक तारखेला साडेपाचला माझी तीन वर्षं पुरी होतात, साडेपाचला मी रजेचा अर्ज घेऊन येईन. त्या म्हणाल्या होत्या, "बरं, काका." मी मेजापाशी येऊन बसलो तो हा अर्ज खिशात घेऊनच. खिडकीतून वजनकाटा दिसतो. गाडी त्यावर चढते तेव्हा आमच्या खोलीच्या काचा हलकेच थरथरतात, आणि बावीस वर्षांत मला त्या थरथरीवरून गाडी भरलेली की रिकामी हे न बघता कळायला लागलं आहे. त्या सकाळी काही कळेना. सगळ्याच गाड्या भरल्यासारख्या वाटत होत्या. मी कागदगिरणीला फोन लावला, परतीचा माल ठरवला, गाडी पाठवली. मग अर्ध्या तासानं त्याच गिरणीला पुन्हा फोन लावून तोच माल पुन्हा ठरवला आणि दुसरी गाडी पाठवली. गिरणीचा माणूस म्हणाला, "अहो, आत्ताच बोललो ना आपण?" मी म्हटलं, "माफ करा, नवा आहे." हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ त्या वाक्याकडेच बघत बसलो.

नवा असणं मला लहानपणापासून येतं. वडिलांच्या दर दीड-दोन वर्षांनी बदल्या व्हायच्या, त्यामुळे मी सहा शाळांत नवा मुलगा होतो. वर्गात शिरलं की आधी ओल्या फळ्याचा वास यायचा, मग सगळे वळून बघायचे, मग बाई म्हणायच्या, उभा राहा आणि तुझं नाव सांग. मी उभा राहायचो. नाव सांगितल्यावर मागून कुणीतरी हसायचं. नाव हसण्यासारखं नव्हतं, पण नव्या मुलाच्या नावाला हसायचं असतं. मला याचं वाईट वाटायचं असं मी मोठेपणी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे तितकंसं वाटत नसे. नव्या मुलाला कुणी फळ्याशी बोलावत नाही. त्याचा गृहपाठ झालेला नसला तरी, "असू दे, तू नवीन आहेस," म्हणतात. त्याच्या आधीच्या शाळेत कदाचित हे शिकवलंच नसेल, असा संशयाचा फायदा त्याला मिळतो. मी पहिल्या पाच शाळांत मिळून नऊ वर्षं कुणाच्याच नजरेत नापास झालो नाही, आणि मग शेवटच्या शाळेत एकदम झालो, कारण तिथं तीन वर्षं राहिलो.

कंपनी वाढत गेली तसा मीही नवा होत गेलो. पहिली कंपनी तीन भावांची, गाड्या अकरा. त्यांना तीस गाड्यांच्या एका कंपनीनं विकत घेतलं, कारण तिच्याकडे गाड्या उभ्या करायला जागा नव्हती आणि आमच्याकडे नुसती जागाच होती. तिला एका शीतगृहवाल्यानं घेतलं. त्याला वाटलं होतं की सगळ्या गाड्या थंड असतात. मग एका दुसऱ्या कंपनीशी आमचं बरोबरीच्या नात्यानं एकत्रीकरण झालं. हस्तांदोलनाच्या फोटोनंतर आठवड्याभरात असं उघडकीला आलं की आमच्याकडे ड्रायव्हर कमी आहेत म्हणून आम्ही त्यांना जोडून घेतलं होतं, आणि त्यांच्याकडे ड्रायव्हर कमी आहेत म्हणून त्यांनी आम्हाला. तो महिना शंभर गाड्या नव्या रंगात फार देखण्या उभ्या होत्या. पाचव्यांदा आम्हाला घेतलं त्या मालकाचा चेहरा ओळखीचा वाटला, म्हणून बघतो तर पहिल्या तीन भावांतला मधला. दोघा भावांशी भांडून बाहेर पडला होता आणि आता सूड म्हणून स्वतःचीच जुनी कंपनी, दसपट फुगलेली, परत घेत होता. मला बघून त्याला गहिवरून आलं. "तुम्ही अजून इथंच?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही साहेब, आजच रुजू झालो." त्याला ही थट्टा वाटली. मी थट्टा करत नव्हतो. अर्ध्या तासापूर्वीच फॉर्म भरून दिला होता.

हा फॉर्म प्रत्येक विक्रीनंतर येतो. वर नव्या कंपनीचं नाव, खाली तुमचं. मग हुद्दा, पत्ता, रक्तगट, आणि चौथ्या ओळीत रुजू झाल्याची तारीख. मी प्रत्येक वेळी त्या दिवसाची तारीख घातली. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. वर जिचं नाव छापलंय ती कंपनी कालपर्यंत जगात नव्हती. मग मी तिच्यात बावीस वर्षांपूर्वी कसा रुजू होणार? अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी हजर होतो असं लिहून द्यायचं म्हणजे खोटंच की. पाचव्या वेळी एका कारकुनानं तो फॉर्म हातात घेऊन, "असं लिहिताय?" असं विचारलं होतं. मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मी पुढं कित्येक दिवस लावत होतो, शेवटी, माझं अक्षर त्याला आवडलं असावं, असा लावला.

अकराला बायकोचा फोन आला. "अहो, तुमचा तो निळा स्वेटर घालू का बॅगेत? ताई म्हणाली, सकाळी गारवा असतो."

"घाल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पातळ वाटला.

"काय झालं?"

"काही नाही. फाटकावर एक माणूस पाटी मोजत होता."

पलीकडून मग बॅगेची चेन लावल्याचा आवाज. मला वाटलं उघडल्याचा येईल. "मोजू दे," ती म्हणाली. "मी स्वेटर घातलाय. आता तो बाहेर निघणार नाही. तुम्ही आजारी पडा, कुणाला तरी मारा, काय वाटेल ते करा. उद्या सकाळी मी गाडीत असणार. तुम्ही असलात तर बरं दिसेल."

दुपारी साडूचा. साडू एका मोठ्या कचेरीत पहिल्या दिवसापासून कायम आहेत. त्यांच्या बोलण्याचालण्यात, अगदी जेवताना ताटाशी बसण्यातसुद्धा एक कायमपणा आहे. "काय साडूभाऊ, निघताय ना?" त्यांनी विचारलं. "की पुन्हा विकले गेलात?" आणि स्वतःच हसले. मीही हसलो. साडूंच्या विनोदाला आधी साडू हसतात आणि मग आपण हसायचं, हा क्रम चौदा भेटींत पक्का झालेला आहे. "तुमच्यासाठी पाहुण्यांची खोली रंगवून घेतली हो," ते म्हणाले. "आठ दिवस म्हणजे आठ दिवस. मधे उठून चाललो म्हणाल तर चालणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी कार्यशाळेत मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री माझ्याच आठवड्यात कामाला लागलेला. अकरा गाड्यांपासून सातशेपर्यंत सगळ्या त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. तो दर वर्षी पंधरा दिवस सुट्टीवर जातो. हे मी एकोणीस वर्षं बघत होतो आणि एकोणीस वर्षं मला ठाऊक होतं की त्याचा वर कुठंतरी वशिला आहे. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं की मी जळतो. मी जळत होतोच, पण ते त्याला कळायला नको होतं. तो एका गाडीच्या दारावरचा रंग खरवडत होता. "बघ," तो म्हणाला आणि नखानं एकेक थर दाखवला, "हा शीतगृहवाल्याचा पांढरा. हा त्या मधल्या भावाचा. हा कुणाचा होता रे, शेवाळी? एकेक गाडी नुसत्या रंगानं जड झालीय. उद्या वजनकाट्यावर चालान फाडतील."

"सकाळी पाटी मोजून गेले," मी म्हटलं.

"मोजेनात का."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटायचंय काय? चहाचा मग मिळेल नवा. मागचा फुटलाय माझा." दर विक्रीनंतर फॉर्म भरून दिला की नव्या नावाचा एक मग मिळायचा; सगळ्यांच्या घरी आता आठ-आठ मग होते. आमच्याकडे एकात दोरे, एकात औषधं, एकात चाव्या आणि बाकीचे पाच, कशाला तरी लागतील म्हणून, एकात एक घालून ठेवलेले होते. मला मिस्त्रीचा भयंकर राग आला. वशिल्याची माणसं अशीच शांत असतात.

साडेतीनला सगळ्यांना आवारात बोलावलं. मोठे साहेब एका उघड्या ट्रकच्या हौद्यात चढून उभे होते. चढताना त्यांची एक चप्पल खाली राहिली होती आणि ती द्यावी की देऊ नये या विचारात तिघे-चौघे तिच्याभोवती उभे होते. "मित्रांनो," साहेब म्हणाले, "आजवर या कंपनीला अनेकांनी विकत घेतलं. आज पहिल्यांदा आपण विकत घेतलंय!" टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विकत घेणारे आपण; म्हणजे आपण आहोत तेच राहणार; म्हणजे नवे ते लोक, मी नाही. मला एकदम बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या, ट्रकच्या चाकात अडकलेला खडा, समोरच्याच्या कॉलरचा उसवलेला टाका, आणि त्या सगळ्यांबद्दल माया वाटली. त्या नव्या लोकांना मी सांभाळून घेईन, असंसुद्धा मी ठरवलं. "मात्र," साहेब पुढे म्हणाले, "त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून आपण एक उदार निर्णय घेतला आहे. त्यांची कंपनी आणि आपली कंपनी, दोन्ही आज दुपारी चार वाजता संपतील, आणि त्यातून एक तिसरी, संपूर्ण नवी कंपनी जन्माला येईल. आजपासून आपण सगळेच नवे!" या वेळी टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या. मी घड्याळ बघितलं. दीड तास. साहेबांच्या उदारपणाला दीड तास दम निघाला असता तर काही बिघडलं नसतं.

चार वाजून पाच मिनिटांनी फॉर्म आले. वजनकाट्याशेजारच्या बाकावर बसून सगळे भरायला लागले. मी मिस्त्रीच्या शेजारी होतो. हुद्दा लिहिला, पत्ता लिहिला, रक्तगट लिहिला. चौथ्या ओळीशी आलो आणि थांबलो. डोक्यात साडूंची ताजी रंगवलेली खोली, निळा स्वेटर, आणि मी फलाटावर, खिडकीतून बायकोचा चेहरा, गाडी हललेली, असं सगळं एकावर एक येत होतं. शाळेत पेपर सुचेनासा झाला की मी शेजारी बघायचो, उत्तरासाठी नव्हे, नुसता दुसऱ्याचा हात चालताना बघून बरं वाटायचं म्हणून. तसं शेजारी बघितलं. मिस्त्रीचा ग्रीस लागलेला हात चौथ्या ओळीत चालला होता. त्यानं तारीख लिहिली होती ती बावीस वर्षांपूर्वीची.

"हे काय लिहिलंस?" मी म्हटलं.

"काय?"

"तारीख. ही जुनी तारीख आहे."

"मग? तेव्हाच नाही का लागलो मी?"

"पण ही कंपनी तेव्हा नव्हती!"

मिस्त्रीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं तो मधूनच विचित्र आवाज करणाऱ्या इंजिनाकडे बघतो. "कंपनी नव्हती, मी होतो ना," तो म्हणाला. "पलीकडे बघ. सगळे जुनीच टाकतात. तू काय टाकतोस?"

मी पलीकडे बघितलं. पलीकडचा पहारेकरी सतरा वर्षांपूर्वीची टाकत होता. त्याच्या पलीकडचा ड्रायव्हर, ज्याला वाचता येत नाही, दुसऱ्याला तोंडी सांगत होता, आणि तोही चौदा वर्षांपूर्वीची सांगत होता.

"तू आजची टाकतोस?" मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज एकदम हळू झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "दर वेळी? म्हणून तू कधी सुट्टीवर जात नाहीस? अरे, आम्हाला वाटायचं तुला बायकोबरोबर कुठं जायला आवडत नाही."

मी पेन हातात धरून बसलो. वाटलं होतं की आता मला आनंद होईल, नाहीतर निदान संताप येईल. यातलं काही आलं नाही. आली ती एक ओळखीची भीती. शेवटच्या शाळेतल्या तिसऱ्या वर्षाची. जुनी तारीख लिहिली की मी जुना. मग कागदगिरणीला दोन गाड्या गेल्या तर कुणी, "असू दे," म्हणणार नाही, "बावीस वर्षांत एवढंही शिकला नाहीत?" म्हणतील. या जुन्या खुर्चीवर बसून मी आठ कंपन्यांची माफी वापरली होती. नवी तारीख लिहिली तर उद्याचा दिवस स्वच्छ, कोरा, कुणाचं काही देणं नसलेला. फक्त त्या दिवसात बायको नाही. आणि खोटेपणाचं काय? कंपनी नव्हती हे खरंच होतं. पण मी होतो, हेही खरं होतं, आणि बावीस वर्षांत फॉर्मच्या चौथ्या ओळीत या दुसऱ्या खऱ्याला मी एकदाही जागा दिली नव्हती. वजनकाट्यावर एक गाडी चढली. बाक थरथरला. रिकामी, मी मनात म्हटलं, आणि मान वळवून बघितलं. रिकामी होती.

"लिही लवकर," मिस्त्री म्हणाला, "नाहीतर चहाचे मग संपतील."

मी लिहिली. बावीस वर्षांपूर्वीची तारीख, पूर्ण, वारासकट. वार कुणी विचारला नव्हता. माझं अक्षर मलाच ओळखीचं वाटेना.

साडेपाचला फॉर्म आणि अर्ज, दोन्ही घेऊन मी आस्थापना विभागात गेलो. बाईंच्या मेजावर नव्या मगांची खोकी रचलेली होती. मी घसा साफ करून म्हटलं, "मॅडम, माझी तीन वर्षं. म्हणजे बावीस. तारीख इथं लिहिलीय, बघून घ्या. या आधी मी जे लिहीत आलो ते थोडंसं वेगळं होतं, त्याचा खुलासा असा आहे की—"

"कसली तीन वर्षं, काका?"

"रजेचा नियम. तीन वर्षं अखंड सेवा. नियमावलीत पान सात."

"असेल," त्या म्हणाल्या. "मी नवीन आहे हो इथं, तीनच महिने झालेत. नियमावली कुठे मिळते?" मी माझी प्रत पुढे केली. त्यांनी ती कौतुकानं उलटसुलट करून बघितली, शेवटचं पान वाचलं आणि विचारलं, "सायकलस्टँड कुठंय आपला?" मग माझ्या अर्जावर सही केली. फॉर्म न बघताच बाकीच्या फॉर्मांच्या ढिगात टाकला. "आठच दिवस? पंधरा घ्या की. मी पुढच्या आठवड्यात दहा दिवस चाललेय."

घरी गेलो तेव्हा बायको दोन्ही बॅगा दाराशी लावून त्यातल्या एकीवर बसली होती. माझ्या हातात सही केलेला कागद होता. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून पर्समध्ये तिकिटांबरोबर ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. रंगारी, चार वाजता, मिस्त्रीची तारीख. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्याच वेळी तुम्ही कुणाला तरी विचारलं असतंत तर?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. या 'बरं'चा अर्थ लावायचा मी प्रयत्न केला नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि म्हणाली, "ताईला फोन करून सांगा, निघतोय म्हणून. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. वीस तास बायको खिडकीशी बसून होती आणि एकदाही डोळा लागू दिला नाही. साडू स्टेशनवर घ्यायला आले होते. मेहुणीनं दारात बायकोला मिठी मारली आणि दोघी बहिणी एवढ्या रडल्या की शेजारचे बाहेर आले. मेहुणीनं पाहुण्यांच्या खोलीला रंगाला साजेसे नवे पडदे केले होते. फोटोत जुने बरे दिसायचे, असं बायको म्हणाली. त्यावरून निघालेलं बोलणं तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढत गेलं, आणि त्याच दुपारच्या गाडीनं आम्ही परत आलो.